लेकीला विद्यापीठात सोडायला येयलोत, अजिंठा-वेरूळ सोडून शहरातच दोन दिवस काय बघावं?

परभणीकर_काका
नमस्कार मंडळी. लेकीचा एमएस्सीला संभाजीनगरच्या (जुनं औरंगाबाद) बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात नंबर लागलाय. पुढच्या आठवड्यात मी, आमची मंडळी, पोरगी आन माझी आई असे चौघं तपोवन एक्स्प्रेसनं येयलोत. एक दिवस ॲडमिशन आन हॉस्टेलच्या कागदपत्रात जाणार हे धरूनच चाललोय पण त्याच्यापुढं दोन दिवस हातात हायेत. वेरूळ, अजिंठा, दौलताबाद सगळं झालेलंय, शाळेची सहल झाली, लग्नानंतर झालं, पाहुणे आले की परत तेच, म्हणजे गाडीतून उतरायचं की तिकडं पळायचं आन रातच्याला परत. शहर म्हणून असं निवांत कधी बघितलंच नाही. तर शहरातल्या शहरात काय हाय ते सांगा. आईचे गुडघे दुखतात, लै पायऱ्या नको. पोरीला इतिहासाचं वेड (शिकायलीय केमिस्ट्री, ते सोडा). खायचं पण सांगा, आई शाकाहारी, बाकीचे सगळे काहीही.

सिडको_एन_सात
बीबी का मकबरा आणि पाणचक्की. झालं शहर. उरलेला दीड दिवस मॉलमध्ये एसीत बसा.

बेगमपुऱ्याचा_बाब्या
काका ह्याचं ऐकू नका, सिडकोवाल्यांना क्रांती चौकाच्या पुढं शहर आहे हेच माहीत नसतं. तुम्ही विद्यापीठात येताय ना, मग अर्धं काम झालंच. मकबरा, औरंगाबाद लेणी, सोनेरी महल, नागसेनवन, पाणचक्की, मकई गेट हे सगळं विद्यापीठाच्या आजूबाजूला आहे, रिक्षानं एकातून दुसरीकडं दहा-पंधरा मिनिटं. आमचा प्रॉब्लेम काय झालाय, टूरवाल्यांनी शहराचं लॉज करून टाकलंय, रात्री झोपवायचं, सकाळी बसमध्ये कोंबून वेरूळला न्यायचं आणि येताना घाईघाईत मकबरा दाखवून फोटो काढून द्यायचा. त्यामुळं लोकांना वाटतं इथं बघायला काही नाहीच. दोन दिवस पुरणार नाहीत तुम्हाला, लिहून घ्या.

मॉडरेटर
शहराच्या नावावरून या धाग्यात वाद नको, ज्याला जे तोंडात बसलंय ते लिहा. काकांना उत्तरं द्या.

इतिहासवेडी
काका नमस्कार, मी इथंच पीएचडी करतेय त्यामुळं तुमच्या लेकीची होणारी शेजारीण समजा. माझं मत विचाराल तर पहिली सकाळ लेण्यांना द्या. वेरूळच्या नाही, इथल्या, विद्यापीठाच्या मागच्या डोंगरातल्या. इथं शिकणारी पोरं पाच पाच वर्षं राहतात आणि लेण्यांवर फक्त सेल्फी काढायला जातात, आत काय आहे ते बघत नाहीत याचा मला फार राग येतो.

एकूण १२ लेणी आहेत, बौद्ध, तीन गटांत. १ ते ५ एकीकडं, ६ ते ९ तिथून साधारण किलोमीटरभर पुढं, आणि बाकीची अर्धवट सोडलेली, तिकडं नाही गेलात तरी चालेल. बहुतेक सहाव्या-सातव्या शतकातली, फक्त ४ नंबरचं म्हणजे स्तूपवालं चैत्यगृह त्याच्या बरंच आधीचं. ३ नंबरला आत गाभाऱ्यापर्यंत जा, टॉर्च न्या, बुद्धाच्या समोर दोन्ही बाजूंना गुडघे टेकून बसलेली माणसं कोरलीत, बाया पण पुरुष पण, जवळपास आपल्याएवढी, प्रत्येकाची केस बांधायची तऱ्हा वेगळी, दागिने वेगळे. देव सगळीकडं कोरलेले असतात पण देवासमोर बसलेली साधी माणसं इतकी मोठी कोरलेली मी दुसरीकडं क्वचित बघितलीत.

आणि ७ नंबर तर चुकवूच नका. दाराशेजारी अवलोकितेश्वर म्हणजे संकटातून सोडवणारा बोधिसत्त्व उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना छोट्या छोट्या चौकटींत माणसांवर आलेली संकटं, आग लागलीय, तलवार घेऊन चोर आलाय, बेड्या पडल्यात, जहाज बुडतंय, सिंह, साप, पिसाळलेला हत्ती. प्रत्येक चौकटीत माणूस हात जोडून त्याच्याकडं बघतोय. तेव्हाचे व्यापारी तांडे घेऊन निघायचे त्यांना वाटेत ज्याची ज्याची भीती ते सगळं तिथं आहे. आत गाभाऱ्यात एक बाई नाचतेय आणि भोवती बाया वाद्यं वाजवतायत, तो दगड बघून पोरगी केमिस्ट्री सोडायची, सांभाळा.

पायऱ्या मात्र आहेत, आजींना जमणार नाही. पायथ्याला विहार आहे तिथं बसता येईल. पावसाळ्यात जाताय तर दगडावर शेवाळ असतं, चपला घसरतात, बूट घाला.

बेगमपुऱ्याचा_बाब्या
+१. एक ॲड करतो, लेणीवर जाताना रिक्षा सोडून देऊ नका, येताना तिथं रिक्षा मिळत नाही, उन्हातान्हात मकबऱ्यापर्यंत चालत यावं लागतं. आधीच बोला, तास-दीड तास थांबायचं म्हणून, पैसे ठरवा. आणि वरून शहर बघा, मकबऱ्याचा घुमट, विद्यापीठाची झाडी, सगळं एका नजरेत येतं. पाऊस पडून गेला असेल तर डोंगर हिरवागार.

साइट_इंजिनिअर
मकबऱ्याबद्दल मी लिहितो कारण लोक तिथं जाऊन "ताजमहालाची कॉपी" एवढंच म्हणून परत येतात. अहो बांधकाम म्हणून बघा ना. लांबून सगळं पांढरं दिसतं, जवळ गेल्यावर कळतं की संगमरवर फक्त खाली कमरेच्या उंचीपर्यंत आणि वर घुमटाला आहे, मधलं सगळं आपलं काळं बेसाल्ट आणि त्याच्यावर बारीक गिलावा. त्या गिलाव्याची फिनिशिंग हात लावून नाही, डोळे लावून बघा (हात लावायला मनाई आहे आणि लोक तरी लावतातच, नावं पण कोरतात, असो). आज आमच्या साइटवर दोन पावसाळ्यांत प्लास्टरला तडे जातात आणि हे साडेतीनशे वर्षांचं.

दिलरस बानू म्हणजे औरंगजेबाची बायको १६५७ ला वारली, मुलगा आझमशाहनं तिच्यासाठी हे बांधलं. आराखडा अताउल्लाचा, काम बघणारा हंसपतराय. हा अताउल्ला म्हणजे ताजमहाल ज्यानं रचला त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा, त्यामुळं बापाच्या कामाची छाप असणारच, त्याला कॉपी कशाला म्हणायचं. आणि खर्च किती तर ६,६८,२०३ रुपये आणि ७ आणे! सात आण्याचा हिशोब ठेवलाय लोकांनी. आमच्या एका कॉन्ट्रॅक्टरला मुद्दाम तिथं घेऊन गेलो होतो, काही फरक पडला नाही.

कबर आतून वरून खाली बघायची, आठकोनी संगमरवरी जाळी आहे भोवती. लोक नाणी टाकतात. आजींसाठी मकबरा उत्तम, सगळं सपाट, बागेत बाकडी आहेत, मुख्य चौथऱ्यावर चढायला पायऱ्या आहेत पण त्या नाही चढल्या तरी खालून बघून समाधान होतं. संध्याकाळी जा. तिकीट २५ रुपये होतं मागं, १५ वर्षांखालच्यांना फुकट.

परभणीकर_काका
अरे बापरे, येवढं लिहिलं तुम्ही लोकांनी, मनापासून आभार. इतिहासवेडी ताई, पोरीला तुमचा मेसेज वाचून दाखवला, ती आत्ताच टॉर्च शोधायलीय. आई म्हणायलीय की लेणी-बिनी तुम्ही बघा, मला देवाला न्या. शहरातली देवळं कोणती सांगा. आन ते हिमरू शाल का काय म्हणतात ते कुठं घ्यावं, आमच्या मंडळींनी डोक्यात घेतलंय.

जालनेकर
हिमरूचं सांगतो, सावध राहा. स्टेशनवरून रिक्षात बसलात की रिक्षावाला स्वतःहून म्हणेल "साब हिमरू देखने का, पैठणी देखने का, देखने के पैसे थोडे लगते". तो ज्या दुकानात नेतो तिथं त्याचं कमिशन ठरलेलं असतं, ते तुमच्याच बिलात लागतं. आपल्या पायानं जा, चार दुकानं बघा. हिमरू म्हणजे सुताचा ताणा आणि रेशमाचा बाणा, त्यामुळं अंगाला मऊ लागते आणि किनखापापेक्षा स्वस्त. हातमागावर विणणारे आता थोडेच उरलेत, जाफर गेटच्या बाजूला माग चालू असलेलं बघायला मिळालं तर घेतली नाही तरी बघा. मशीनवरची पण हिमरू म्हणूनच खपवतात.
पैठणी घेणार असाल तर पदर उलटा करून बघायचा, हातमागाची असेल तर मागून पण नक्षी तशीच स्वच्छ दिसते, धागे लोंबत नाहीत. वहिनींना हे आधीच सांगून ठेवा नाहीतर दुकानात चर्चा होईल.

गुलमंडी_खवय्या
आजींसाठी: गुलमंडीवर सुपारी मारुती, आणि तिथून जवळच राजाबाजारात संस्थान गणपती. संस्थान गणपती म्हणजे गावाचा मान, विसर्जनाची मिरवणूक त्याच्यापासूनच सुरू होते. दोन्ही ठिकाणी फार चालायचं नाही पण रस्ते अरुंद, रिक्षा थोडी अलीकडं थांबवावी लागेल. सकाळी लवकर जा, दुकानं उघडली की गुलमंडीत माणसाला माणूस घासतो.

आता माझा विषय. गुलमंडीवर आलात की इमरती. गरम मिळाली तर नशीब. पाकात बुडवलेली, उडदाची, जिलेबीवाले लोक जिलेबीच म्हणतात तिला, त्यांना माफ करा. दाळबट्टी पण शहरात चांगली मिळते, आजींना चालेल, तुपाचा हात सढळ असतो.
तुम्हाला आणि पोरीला: नान-खलिया. सिटी चौक, शहागंज, बुढीलेन हा सगळा पट्टा. जाड नान, वरून पिवळसर, तंदूरच्या भिंतीवरून काढलेला, आणि मटणाचा रस्सा म्हणजे खलिया, तेलाचा थर वर, नान मोडून त्याच्यात कालवायचा आणि चमच्याचं नाव काढायचं नाही. तुघलकानं दिल्लीहून देवगिरीला राजधानी हलवली तेव्हा लष्कराच्या जेवणातून हे आलं असं इथं सगळे सांगतात. मुसलमान घरच्या लग्नाची दावत असेल आणि ओळख असेल तर हॉटेलात जाऊच नका, त्या देगीच्या खलियाला जोड नाही. आम्हाला शाळेतल्या दोस्तांमुळं लहानपणापासून बोलावणी यायची, जेवायला बसलं की यजमान स्वतः येऊन वाढणार आणि "और लो मियां" म्हणत ताटातला नान संपूच देणार नाही.

पुण्यात_अडकलेला
खवय्या भाऊ का छळताय. इथं नान-खलिया म्हणून काय काय देतात, एकदा तर पनीर खलिया दिसला मेनूवर. उठून आलो.

सिडको_एन_सात
पनीर खलिया 😂😂

नागसेनवन_माजी
इमारती आणि जेवण झालं असेल तर थोडं विद्यापीठाबद्दल. पोरगी तिथं शिकणार आहे तर तिला आणि तुम्हाला हे माहीत पाहिजे म्हणून लिहितो, भाषण समजू नका.

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा पोरांना डिग्री पाहिजे तर हैदराबाद. इथली कॉलेजं सुद्धा उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली. १९५० ला बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं इथं कॉलेज सुरू केलं, तेच आजचं मिलिंद, त्याचा परिसर म्हणजे नागसेनवन. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हातून कोनशिला बसली. बाबासाहेबांनी मुंबईनंतर कॉलेजसाठी औरंगाबाद निवडलं याचा विचार करा, कारण इथली पोरं सगळ्यात मागं होती. बीड, परभणी, नांदेडच्या खेड्यांतून पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन पोरं यायची, त्यात आमचे वडील पण होते. विद्यापीठ त्याच्यानंतर, २३ ऑगस्ट १९५८. नागसेनवनात नुसतं चालत फिरा, झाडं जुनी आहेत, दगडी इमारती आहेत. गंगाधर पानतावणे सरांचं अस्मितादर्श हे नियतकालिक याच गावातून निघायचं, दलित साहित्यातली किती नावं आधी त्याच्यात छापून आली.

मग विद्यापीठ गेट. सगळे तिथं फोटो काढतात, तुम्ही पण काढा. पण त्या गेटवरच्या नावासाठी काय झालं ते पोरीला सांगा. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं नामांतराचा, म्हणजे मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यात आगी लागल्या, तुमच्या परभणी-नांदेडकडं सुद्धा, वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली. मग पुढची सोळा वर्षं मोर्चे, तुरुंग, लाँग मार्च. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, म्हणजे मराठवाडा हे नाव ठेवून त्याच्याआधी बाबासाहेबांचं नाव जोडलं. आजही १४ जानेवारीला गेटवर या, पाय ठेवायला जागा नसते, पुस्तकांचे स्टॉल, गाणी, लांब लांबच्या गावांहून आलेल्या म्हाताऱ्या बाया गेटच्या पायरीला हात लावून कपाळाला लावतात. जुलैत गेट तुम्हाला मोकळं दिसेल, जानेवारीत पोरीला भेटायच्या निमित्तानं परत या.

परभणीकर_काका
दादा, त्या वेळी मी लहान होतो, पण आमच्या शेजारच्या गावाचं आठवतंय, मोठी माणसं बोलता बोलता गप व्हायची. पोरीला नक्की सांगतो. मीच घेऊन जातो तिला गेटवर आन नागसेनवनात.

इतिहासवेडी
नागसेनवन_माजी यांच्या पोस्टला जोडून. पोरीला आपल्याच विद्यापीठाचं अजून एक सांगा, भोकरदनला १९७० च्या दशकात नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठानं मिळून उत्खनन केलं, तिथं हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती सापडली, इटलीतल्या पॉम्पेईला जी भारतीय मूर्ती सापडली तिच्यासारखीच. म्हणजे सातवाहनांच्या काळात आपल्या जालना जिल्ह्यातला माल आणि रोमन लोकांचं गाव यांचं नातं होतं. (जालनेकर, कॉलर ताठ करा.) विद्यापीठाच्या इतिहास विभागाचं स्वतःचं म्युझियम आहे, ऑफिसच्या वेळेत जा, सुट्टीच्या दिवशी गेलात तर कुलूप बघून याल.

तसंच सोनेरी महल, पहाडसिंगपुऱ्यात, कॅम्पसला लागूनच. औरंगजेबाबरोबर दक्खनेत आलेल्या बुंदेला सरदाराचा वाडा. आत सोन्याच्या पाण्यानं काढलेली चित्रं होती म्हणून सोनेरी, आता खुणाच राहिल्यात. पण मागं डोंगर, समोर मोकळं अंगण, माणूस जवळपास नाही. वेरूळ-अजिंठा महोत्सव भरतो तो याच अंगणात, पोरीनं तेव्हा तिकीट काढून जावं, शास्त्रीय गाणं अशा जागी ऐकायला नशीब लागतं.

जालनेकर
कॉलर ताठ केली आहे. भोकरदनला गेल्यावर लोक म्हशीचा बाजार विचारतात, पॉम्पेई कुणी विचारत नाही.

साइट_इंजिनिअर
पाणचक्की राहिली. सिडको_एन_सातनं एका शब्दात उरकली ती. लोक काय करतात, हौदापाशी उभं राहून कारंजं बघतात, बाहेर चणे खातात आणि जातात. मजा दिसत नाही तिथं आहे. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या पाइपांतून काही किलोमीटर लांबून आणलंय, मोटर नाही काही नाही, फक्त उतार. मधे उंच भिंतीतून पाणी वर चढवून खाली सोडलंय, त्या दाबावर चक्कीचं पातं फिरायचं आणि बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकीर-मुसाफिरांसाठी पीठ दळलं जायचं. आणि तो मोठा हौद आहे ना, त्याचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत आहे! डोक्यावर सगळं पाणी, खाली माणसं गारव्याला बसलेली. वॉटरप्रूफिंगवाल्यांना मी हे सांगतो तर त्यांना खोटं वाटतं. आजींना तिथं वडाखाली बसवा, तासभर आरामात जाईल.

त्याच्याही आधी मलिक अंबरनं नहर-ए-अंबरी केली. १६१० ला त्यानं खडकी गाव वसवलं तेच हे शहर, नंतर फतेहनगर झालं, मग औरंगाबाद. हबशी गुलाम म्हणून आलेला माणूस, निजामशाहीचा वजीर झाला आणि शहर वसवताना पहिलं काम पाण्याचं केलं, जमिनीखालून दगडी बोगदे.

बेगमपुऱ्याचा_बाब्या
आणि ४०० वर्षांनंतर आमच्या नळाला पाणी कधी येतंय तर आठवड्यानं, ते पण रात्री अडीचला. मलिक अंबरला परत बोलवा कुणीतरी.

सिडको_एन_सात
आमच्याकडं पण तेच. ह्या एका गोष्टीत बेगमपुरा-सिडको भाई भाई.

परभणीकर_काका
हे बघा मी असा प्लॅन केलाय. पहिला दिवस सकाळी मी, मंडळी आन पोरगी लेणी, आई लॉजवर आराम. मग सोनेरी महल, विभागाचं म्युझियम. दुपारी जेवण, झोप. संध्याकाळी चौघं मकबरा. दुसरा दिवस सकाळी आईला सुपारी मारुती आन संस्थान गणपती, इमरती, मग हिमरू, दुपारनंतर पाणचक्की आन शहराचे जुने दरवाजे. दरवाजे बघायला कसं फिरायचं? ५२ म्हणतात, सगळे कुठं बघणार.

इतिहासवेडी
प्लॅन छान आहे काका, एकच बदल करा, नागसेनवन आणि गेट पहिल्या दिवशी म्युझियमच्या नंतर घ्या, सगळं एकाच बाजूला आहे.

५२ हा आकडा सांगायचा झाला, त्यातले आता मोजकेच उभे आहेत आणि त्यातले पण सगळे बघायची गरज नाही. भडकल गेट बघा, १६१२ चा, मलिक अंबरचाच, मुघलांना हरवल्याची खूण म्हणून बांधलेला, शेजारी बाबासाहेबांचा पुतळा आहे. मग दिल्ली गेट, तिथून हिमायतबाग जवळ. मकई गेट तर तुम्ही विद्यापीठात जाताना त्याच्यातूनच जाल, खाम नदीच्या पुलावर. मुघलांच्या काळच्या कमानीतून आजची वाहतूक जाते, म्हणजे कशी जाते ते तुम्ही बघालच. वेळ उरला तर किलेअर्क, औरंगजेबाचा राजवाडा होता तो भाग, त्याच जागेत १९२३ पासूनचं शासकीय कला-विज्ञान महाविद्यालय आहे. या शहरात शिकायची जागा आणि बघायची जागा वेगळी काढताच येत नाही.

आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पण आहे, जुनी शस्त्रं, चिलखतं, जुनी पैठणी आणि औरंगजेबाच्या हातची कुराणाची प्रत एकाच छताखाली. पाऊस पडायला लागला तर तिकडं घुसा.

पुण्यात_अडकलेला
संध्याकाळचं कुणी सांगितलंच नाही. औरंगपुरा-निराला बाजार चक्कर मारायची, पोरीला बलवंत वाचनालय दाखवा, मेंबर करून टाका. एकनाथ रंगमंदिर नाहीतर तापडियात नाटक लागलंय का बघा, ह्या गावचा प्रेक्षक लै जाणकार, पडलेल्या नाटकाला शिट्टी आणि चांगल्याला जागेवरून दाद. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाची पोरं एकांकिका करतात, तिथं जी ऊर्जा असते ती पुण्यात तिकीट काढून मिळत नाही. मी कॉमर्सचा, पण सगळा वेळ तिकडंच पडीक असायचो.

गुलमंडी_खवय्या
कॉमर्सची डिग्री कितव्या वर्षी मिळाली ते विचारत नाही.

पुण्यात_अडकलेला
नकोच विचारू.

परभणीकर_काका
कुणी म्हणायलेत खुलताबादचा भद्रा मारुती करा, आई लगेच तयार झाली. शहरातच राहायचं ठरवलं होतं, काय करावं?

जालनेकर
आईनं म्हटलंय ना, मग विषय संपला. पंचवीस-एक किलोमीटर आहे, पडलेल्या म्हणजे झोपलेल्या अवस्थेतला मारुती, दुसरीकडं सहज दिसत नाही. फक्त शनिवारी जाऊ नका, रांग. दुसऱ्या दिवशी पहाटे उरकून दहा-साडेदहापर्यंत परत या, गुलमंडीचे देव मग दुपारी.

बेगमपुऱ्याचा_बाब्या
आणि तिथं गेल्यावर कुणी म्हणेल वेरूळ चार किलोमीटरवर आहे, जाता जाता बघून घेऊ. ऐकू नका!! तिथंच सगळा दिवस जातो आणि शहर परत राहतं. मंगळवार असेल तर उत्तम, वेरूळ मंगळवारी बंद असतं, मोहच नाही. (अजिंठा सोमवारी बंद, ज्याला कामाचं असेल त्यानं नोट करा.)

नागसेनवन_माजी
हॉस्टेलबद्दल एक. पोरीला कुलूप, बादली, मच्छरदाणी सोबत द्या, इथं घेत बसाल तर अर्धा दिवस जाईल. पाण्याचा माठ मात्र इथंच घ्या, परभणीहून रेल्वेत आणू नका. कॅम्पस मोठा आहे, विभागापासून हॉस्टेल लांब पडतं, सायकल असेल तर सोन्याहून पिवळं. सकाळी मोर दिसतात, संध्याकाळी अंधार पडल्यावर डोंगराच्या बाजूला एकटीनं फिरायला जाऊ नको म्हणावं, रस्ता सुनसान असतो.

इतिहासवेडी
काका, ॲडमिशनच्या दिवशी कागदपत्रांच्या झेरॉक्स घरूनच करून आणा, फोटो जास्तीचे ठेवा. आणि मला इथं मेसेज करा, विभागात काही अडलं तर बघू. लेण्यांना मी येते तुमच्याबरोबर, सातवं लेणं मी दाखवणार.

परभणीकर_काका
ताई, मग तर आमचं कामच झालं. येताना आईच्या हातची शेंगदाण्याची चटणी आन ज्वारीची धपाटी आणतो.

सिडको_एन_सात
धपाटी म्हटल्यावर मी पण येतो. लेण्यापर्यंत बाइक जाते का?

बेगमपुऱ्याचा_बाब्या
पायथ्यापर्यंत. पुढं पाय. आणि मकई गेटमधून नऊच्या आत निघ, नंतर अडकलास तर धपाटी संपलेली असतील.